पुन्हा नांदायला लागलो, पण कोर्टातला दावा अजून उभाच आहे

वाचकाचं पत्र (नाव, गाव वगळून, थोडक्यात):

आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली, सहा वर्षांची मुलगी आहे. २०२३ मध्ये नवऱ्याने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा दावा लावला. मी नवरा, सासूबाई आणि नणंद यांच्यावर ४९८ची (भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ खाली, सासरच्या छळाची) फिर्याद दिली. कौटुंबिक हिंसाचाराचा आणि पोटगीचा अर्जही केला. दरमहा ६,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली. गेले चार महिने आम्ही दोघं मुलीसह वेगळं घर घेऊन पुन्हा एकत्र राहतो आहोत आणि बरं चाललं आहे. घटस्फोटाच्या दाव्याची तारीख पाच आठवड्यांवर आहे. नवरा म्हणतो, "तू येऊ नकोस, केस आपोआप निघून जाईल." सासूबाई म्हणतात आधी ४९८ मागे घे, मग दाव्याचं बघू. माझे वडील म्हणतात ४९८ राहू दे, हातात काहीतरी असावं. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, इथे मागे घेता येत नाही. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. नेमकं काय करायचं आणि आधी काय?

उत्तर:

ताई, पहिली गोष्ट. त्या तारखेला तुम्ही जायचंच. नवऱ्याच्या मनात काही वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. पण "आपोआप निघून जाईल" या एका वाक्यापायी चांगले जुळलेले संसार पुन्हा कोर्टाच्या पायरीवर आले आहेत.

तुम्ही गैरहजर राहिलात आणि त्यांचे वकील हजर झाले, तर दावा तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालवण्याचा हुकूम होऊ शकतो. वकिलांना तुमच्या समेटाची कल्पना नसेल किंवा कोणी सांगायला विसरलं असेल, तर ते आपलं काम करणार. पुराव्याचं शपथपत्र देणार आणि निकाल मागणार. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे नवऱ्याने क्रूरतेला माफी दिली आहे का, हे कोर्टाने एकतर्फी दाव्यातही पाहायचं असतं. दावा लावल्यावर चार महिने एकत्र नांदणं हा माफीचा चांगलाच पुरावा आहे. पण तुम्ही एका छपराखाली राहताय हे न्यायाधीशांना सांगणार कोण? ते सांगू शकणारी व्यक्ती तुम्ही, आणि तुम्हीच घरी बसलेल्या. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घ्यायला हुकूमनाम्याच्या तारखेपासून फक्त ३० दिवस मिळतात. तुम्हाला समन्स मिळालेलं असल्याने "मला माहीतच नव्हतं" हेही चालणार नाही.

दोघांनीही न जाण्याचा सल्ला देणारेही भेटतात. दोघं गैरहजर असले तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो हे खरं. पण नवऱ्याला ३० दिवसांत तो पुन्हा उभा करण्याचा अर्ज करता येतो, शिवाय त्याच कारणावर नवा दावाही लावता येतो. म्हणजे दावा मेला नाही, निजला. आणि रेकॉर्डवर तुमच्या समेटाचं अवाक्षर नाही.

आता क्रमाकडे येऊ. तुमच्याकडे चार प्रकरणं आहेत, चार वेगळ्या कोर्टांच्या किंवा कायद्यांच्या हद्दीत, आणि एक संपलं म्हणून दुसरं संपत नाही. प्रत्येकाला स्वतःचा लेखी हुकूम लागतो. स्टॅम्प पेपरवर समजुतीचा करार करून नोटरी केली की सगळं मिटलं असं पुष्कळ जण धरून चालतात. त्या कागदाने एकही केस बंद होत नाही. तो कोर्टात दाखल होऊन त्यावर हुकूम झाला तरच त्याला वजन.

आमच्या मते क्रम असा असावा: आधी घटस्फोटाचा दावा, मग कौटुंबिक हिंसाचार आणि पोटगी, शेवटी ४९८. सासूबाईंना हे आवडणार नाही. पण कारण साधं आहे. दावा मागे घेणं नवऱ्याच्या एकट्याच्या हातात आहे, त्याला तुमची संमतीही लागत नाही आणि ते एका दिवसात होतं. ४९८ रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, तिथे वेळ लागतो. ज्याला एका दिवसात विश्वास दाखवता येतो त्याने आधी दाखवावा. मात्र सासूबाईंचीही भीती खोटी नाही: दावा मागे घेतला आणि सुनेने फिर्याद तशीच ठेवली तर? त्याचा उपाय म्हणजे सगळ्या गोष्टी एकाच तडजोडपत्रात लिहून घेणं.

हे तडजोडपत्र घटस्फोटाच्या दाव्यातच दाखल करायचं. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथल्या विवाह समुपदेशकांकडे किंवा मध्यस्थी केंद्रात बसून ते तयार करून घेणं उत्तम. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या ठिकाणी असे दावे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे चालतात, तिथेही मध्यस्थीकडे पाठवण्याची विनंती करता येते. पत्रात इतकं यायला हवं: कोणत्या तारखेपासून एकत्र नांदता; चारही प्रकरणांचे क्रमांक आणि कोर्टं; कोणी कोणतं प्रकरण किती दिवसांत मागे घ्यायचं; थकलेली पोटगी किती, ती द्यायची की सोडायची; तुमचे दागिने आणि भांडीकुंडी कोणाकडे आहेत, त्यांची यादी; पोलिसांनी काही जप्त केलं असेल तर ते कोणाला परत मिळायचं. ४९८ रद्द करण्याच्या अर्जाला तुम्ही उच्च न्यायालयात संमतीचं शपथपत्र द्याल, ही हमीही त्यातच लिहा. कोर्टाला दिलेली हमी मोडली तर अवमानाची कारवाई होऊ शकते. सासूबाईंना हवी ती खात्री नेमकी इथे मिळते.

एक वाक्य मात्र त्यात येऊ देऊ नका. असे मसुदे तयार करताना "मी केलेले सर्व आरोप खोटे होते" असं लिहून घेण्याचा आग्रह होतो. तुमचे आरोप खोटे नसतील तर खोटं लिहून देऊ नका. उद्या पुन्हा बिनसलं तर तोच कागद तुमच्यासमोर ठेवला जाईल, आणि शपथेवरचं खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. "उभयतांतील मतभेद मिटले असून मला हे प्रकरण पुढे चालवायचं नाही" इतकं पुरतं. न्यायाधीशांना याहून जास्त नको असतं.

दावा मागे घेण्यासाठी लागते ती पुरशिस. एखाद्या पानाचा कागद: दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावं, "उभयता अमुक तारखेपासून एकत्र नांदत आहेत, अर्जदारास दावा चालवायचा नाही, तो मागे घेण्यास परवानगी मिळावी", खाली नवऱ्याची सही, त्यांच्या वकिलांची सही. तुमची आणि तुमच्या वकिलांची सही लागतेच असं नाही, पण करून ठेवा. समेट दोघांचा आहे हे रेकॉर्डवर येतं. दोघांनी मूळ आधार कार्ड घेऊन प्रत्यक्ष हजर राहा. न्यायाधीश एक-दोन प्रश्न विचारतात: राजीखुशीने करताय का, कोणाचा दबाव आहे का, सध्या कुठे राहता. पाच आठवडे थांबायचं नसेल तर प्रकरण आजच बोर्डावर घ्यावं असा अर्ज पुरशिशीसोबत देता येतो. वकील टाळाटाळ करत असतील तर नवरा स्वतःही पुरशिस देऊ शकतो. दावा त्यांचा आहे, वकिलांचा नव्हे.

इथे एक कायदेशीर खाच आहे, ती नवऱ्यालाही समजावून सांगा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम १ प्रमाणे कोर्टाची परवानगी न घेता दावा मागे घेतला तर त्याच कारणावर पुन्हा दावा लावता येत नाही. पुन्हा लावण्याची मुभा हवी असेल तर ती मागावी लागते आणि कोर्टाला कारण पटावं लागतं. ही मुभा मागितली म्हणून समेटात खोट आहे असं समजू नका, आणि मिळाली नाही तरी कोणी कायमचं अडकत नाही. पुढे नव्या घटना घडल्या तर ते नवं कारण ठरतं.

तुमच्या वकिलांना हे जरूर विचारा: आपण कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) प्रतिदावा केला आहे का? सामनेवाल्यालाही घटस्फोट किंवा नांदवून घेण्याची मागणी करता येते, आणि मूळ दावा मागे घेतला तरी प्रतिदावा स्वतंत्रपणे चालू राहतो. असेल तर त्याचीही पुरशिस त्याच दिवशी द्या. ही चूक वरचेवर होते, कारण कैफियत देऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात आणि शेवटच्या परिच्छेदात काय मागितलं होतं ते कोणाच्या लक्षात नसतं.

आता चार महिने पुरेसे आहेत का, हा प्रश्न. तुम्ही तो विचारला नाहीत, पण वडिलांच्या बोलण्यात तो आहे. मन अजून डळमळत असेल तर दावा लगेच मागे न घेता दोघांनी मिळून समुपदेशनासाठी मुदत मागता येते. कोर्टाने समेटाचा प्रयत्न करावा असं हिंदू विवाह कायदा आणि १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा दोन्ही सांगतात, त्यामुळे असा अर्ज सहसा सहानुभूतीने पाहिला जातो. पण दोन-तीन महिन्यांपलीकडे हे ताणू नका. जुनी प्रकरणं निकाली काढण्याचा रेटा असतो, आणि दर तारखेला साडी नेसून कोर्टात जाऊन, संध्याकाळी एका ताटात जेवायचं हे कोणालाही जड जातं.

एकत्र राहिल्याने मागचं सगळं पुसलं जातं का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दास्ताने खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथे क्रूरता सिद्ध झाली होती, पण त्यानंतरही दांपत्य एकत्र राहिल्याने ती माफ झाली असं धरून न्यायिक विभक्तता (लग्न न मोडता वेगळं राहण्याचा हुकूम) नाकारली गेली. त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं की ही माफी सशर्त असते. पुन्हा तसंच वागणं झालं तर माफ केलेली जुनी कृत्यंही पुन्हा जिवंत होतात. वडिलांना हे सांगा. "हातात काहीतरी" हवं म्हणून फिर्याद जिवंत ठेवायची गरज नाही, कायद्याने ते तुमच्या हातात आधीच ठेवलं आहे.

पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जांत जबाबदारी तुमच्याकडे येते. अंतरिम पोटगीचा हुकूम एकत्र राहायला लागल्याने आपोआप रद्द होत नाही. तो दंडाधिकारी रद्द करेपर्यंत कागदावर जिवंत राहतो, दरमहा ६,००० साठत जातात. न दिलेल्या रकमेची वसुली देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत मागता येते, म्हणून ही टांगती रक्कम नवऱ्याला धास्तीची वाटते, आणि ती रास्त आहे. तडजोडपत्रात लिहा: एकत्र राहायला लागण्यापूर्वीची थकबाकी इतकी, ती इतक्या हप्त्यांत देणार किंवा मी सोडते, त्यानंतरच्या महिन्यांची माझी मागणी नाही. मग पोटगीचा अर्ज पुरशिशीने मागे घ्या. थकबाकी सोडायचीच असा दबाव असेल तर घाई करू नका. त्या काळात मुलीचा खर्च तुम्ही किंवा तुमच्या माहेरने केला आहे. पुढे पुन्हा वेगळं राहण्याची वेळ आलीच तर नवा अर्ज करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे.

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात आधी रोजनामा (कोर्टातल्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) काढून बघा, काही अंतरिम संरक्षण हुकूम झाला आहे का. "सामनेवाल्याने अर्जदाराच्या निवासस्थानी प्रवेश करू नये" असा हुकूम चालू असेल तर सध्या नवरा स्वतःच्या घरात राहून हुकूम मोडतो आहे! अशा भंगाला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही तक्रार करणार नाही हे खरं, पण कोर्टात अर्ज केल्याशिवाय हुकूम संपत नाही. हीच गोष्ट त्यांच्या जामिनाची: अटकपूर्व जामिनाच्या हुकुमात "फिर्यादीशी संपर्क साधू नये" अशी अट घालतात. ती असेल तर ज्या कोर्टाने जामीन दिला तिथे अट शिथिल करण्याचा अर्ज नवऱ्याने करावा आणि तुम्ही ना-हरकत द्यावी. हे काम दाव्याच्याही आधी, याच आठवड्यात करण्यासारखं आहे.

राहिली ४९८. पोलीस ठाण्यात तुम्हाला सांगितलं ते बरोबर आहे. गुन्हा नोंदण्यापूर्वी नुसता तक्रार अर्ज असता तर महिला कक्षात जबाब देऊन तो मिटला असता. गुन्हा नोंदल्यावर ती फिर्याद सरकारची होते, आणि महाराष्ट्रात हा गुन्हा खालच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आहेत. तुमची फिर्याद त्याआधीची असेल तर तिच्यावर ४९८-अ हेच कलम राहतं.

मार्ग एकच, उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली. समेट झालेल्या नवरा-बायकोच्या वादात असा गुन्हा रद्द करता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या बी. एस. जोशी आणि २०१२ च्या ज्ञान सिंग या निकालांत सांगितलं आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं असून सांगली जिल्हा त्याच्याकडे आहे, त्यामुळे तुम्हाला मुंबई गाठायची गरज नाही.

या अर्जात आरोपी अर्जदार असतात, सरकार आणि तुम्ही सामनेवाले. तिन्ही आरोपींची नावं अर्जात आहेत ना, हे स्वतः वाचून बघा. बहुतेक वेळा नवरा आणि सासू यांच्या सह्या होतात, लांब राहणारी नणंद राहून जाते आणि मग तिच्यापुरता खटला चालू राहतो. त्यावरून घरात नवं महाभारत. सोबत फिर्यादीची प्रत, दोषारोपपत्र दाखल असेल तर त्याची प्रत, दाव्यातल्या तडजोडीची आणि दावा मागे घेतल्याच्या हुकुमाची नक्कल, आणि तुमचं संमतीचं शपथपत्र लागतं. तुम्हाला कोर्टासमोर प्रत्यक्ष उभं राहून संमती खरी असल्याचं सांगावं लागू शकतं, ओळखपत्र जवळ ठेवा.

स्वस्तातला उपाय म्हणून कोणी सुचवेल: उच्च न्यायालय नको, साक्षीच्या दिवशी फितूर व्हा. ऐकू नका. साक्षीची पाळी येईपर्यंत काही वर्षं जातात, तोवर नवरा आणि सासू दर तारखेला आरोपीच्या पिंजऱ्यात; आणि शपथेवर आधी एक, नंतर दुसरं सांगण्याची किंमत तुम्ही मोजायची.

उच्च न्यायालयाचा हुकूम झाला की काम संपलं असं नाही. त्याची नक्कल खालच्या कोर्टात दाखल करावी लागते, नाहीतर तिथे तारखा पडतच राहतात आणि आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट निघू शकतं. एक नक्कल पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. पुढे पासपोर्ट किंवा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत जुनी नोंद वर आली तर ती पोच उपयोगी पडते.

वकिलांचा खर्च ही अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० ही मदतवाहिनी आहे.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या पण वेगळ्या टप्प्यावरच्या वाचकांसाठी दोन शब्द. परस्पर संमतीचा अर्ज केला असेल तर काम सोपं आहे: हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी एकानेही संमती काढून घेतली तर घटस्फोट होत नाही, आणि अर्ज दाखल झाल्यापासून १८ महिन्यांत दोघांनी मिळून दुसरा अर्ज पुढे नेला नाही तर तो बारगळतो. तरीही पुरशिस देऊन तो मागे घ्या. घटस्फोटाऐवजी न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा झाला असेल तर कलम १० प्रमाणे तो रद्द करून घेता येतो. आणि घटस्फोटाचा हुकूमनामा होऊन अपिलाची मुदतही टळली असेल, तर नुसतं एकत्र राहून लग्न परत येत नाही. एकमेकांशी पुन्हा लग्न करून त्याची नोंदणी करावी लागते. त्याला कायद्याची आडकाठी नाही.

ताई, तुमच्यासाठी आता या पाच आठवड्यांचं काम. पहिल्या आठवड्यात चारही प्रकरणांचे १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा कोर्टाने दिलेला ओळख क्रमांक) वकिलांकडून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रत्येकाची पुढची तारीख स्वतः बघा. जामिनाची अट आणि संरक्षण हुकूम तपासा. पुढच्या दोन आठवड्यांत दोन्ही वकिलांना एकत्र बसवून तडजोडपत्राचा मसुदा करा, सासूबाईंना आणि वडिलांना तो वाचून दाखवा. तारखेच्या दिवशी नवऱ्यासोबतच कोर्टात जा. दावा निघाल्यावर त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, आणि काही दिवसांनी ॲपवर "निकाली" दिसतं का ते बघा. दिसलं नाही तर कारकुनाकडे जाऊन रोजनाम्याची नोंद दाखवायला सांगा.